पसरणीच्या घाटातला लाल झेंडा

लग्नाच्या बायकोशी भर दिवसा, निवांत, कुणी ऐकत नसताना चार शब्द बोलता यावेत म्हणून एकदा सबंध घाट थांबला होता. कुणी थांबवला ते पुढे कळेलच. मला तर तो थांबेपर्यंत वाटत होतं की सगळी अक्कल माझीच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं घर वडगाव रासाईला, भीमेच्या काठावर. फाल्गुनात माझं लग्न झालं आणि वैशाख आला तरी बायकोचा आवाज मला ठाऊक होता तो दुसऱ्यांशी बोलताना ऐकलेला. दिवसा ती आईच्या हाताखाली, मी मळ्यात. जेवायला बसलो की ती वाढायला यायची. पण पंगतीत आबा असायचे. आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्यादेखत ‘आणखी भाकरी’ याच्यापलीकडे बोलायची सोय नव्हती. ‘आणखी भाकरी’ मी इतक्या निरनिराळ्या सुरांत म्हणून पाहिलं की माझं वजन वाढलं, संसार मात्र होता तिथंच राहिला. रात्री बायका माजघरात, पुरुष अंगणात, मधल्या दारात आईचं अंथरूण. त्या दारातून मांजरसुद्धा आईला विचारून जायचं.

बायको दौंडची. वडील लहानपणीच गेलेले, म्हणून मामांकडे रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. मामा मालगाडीचे गार्ड. तिच्याबद्दल मला एवढीच माहिती होती, आणि तीही लग्न ठरवणाऱ्या पाव्हण्याकडून मिळालेली.

माझा एक दोस्त एस.टी.त होता. माझं रडगाणं ऐकून तो म्हणाला, “पसरणीच्या घाटात ने. वाईच्या वर येक वळण असं हाय, तिथं उभं ऱ्हायलं की माणूस आपसूक बायकोशी बोलाय लागतो.”

“आन् न्हाईच बोलला तर?”

“तर बायको बोलती.”

मला तेवढंही चाललं असतं. पण नुसतं डोंगर बघायला जाणं आमच्या घरात कुणाला सुचलं नव्हतं आणि सुचलं असतं तर त्याला अंगारा लावला असता. जायचं तर काम पाहिजे. त्या वर्षी आबांच्या मनात विहिरीखालच्या रानात हळद लावायचं होतं. मी तीच धरली.

“आबा, बेणं वाईचंच आणावं म्हणतो.”

“आणू की. ट्रकवाल्याला सांगतो.”

“ट्रकवाल्याला काय कळतंय, गड्डा किडका हाय का चांगला? डोळ्यानं बघून घ्यावं लागतं. आन् आईला बी वाईचा ढोल्या गणपती बघायचाय.”

आईनं चुलीपाशी मान वर केली. तिला हे मी सांगेपर्यंत ठाऊक नव्हतं, पण गणपतीला ‘नको’ म्हणायची तिची तयारी नव्हती. “व्हय, बघायचाय,” ती म्हणाली.

“मग आईबरुबर सून पाहिजे. बाईमाणसाला बाईमाणूस,” मी म्हणालो. “आन् वाईपतूर गेलोच, तर वर पाचगणी हाय.”

“पाचगणीला हळद हाय का?”

“न्हाई. वारं हाय.”

“वारं आपल्यात कमी पडलं व्हय?”

इथं सगळं बुडालं असतं. पण आई भाकरी थापता थापता म्हणाली, “अवो, जल्माला आल्यापास्नं सपाट रान बघतीया. येकदा वरनं खाली कसं दिसतं ते बघू द्या की.” आबा उठून गोठ्यात गेले. आबा वाद सोडून गोठ्यात गेले म्हणजे परवानगी मिळाली असं आमच्याकडे समजत.

जीप ठरली वरवंडच्या एका बागायतदाराची. आबांचा जुना स्नेही. जीपबरोबर त्याचा ड्रायव्हर. माझा बेत साधा होता. घाटात त्या वळणावर गाडी थांबवायची, ‘सुनेला गरगरतंय’ म्हणायचं, आणि हवेवर जरा लांब घेऊन जायचं.

मधे बायको दौंडला माहेरपणाला जाऊन आली. येताना निरोप घेऊन आली, तोही मला नाही, आईला. मामासुद्धा येणार आहेत. त्यांनी रजा काढलीय. घाट म्हटला की गाडीला गार्ड पाहिजे, असं म्हणाले.

मी त्या दिवशी जेवलो नाही. ‘आणखी भाकरी’ म्हणण्यात आता अर्थ उरला नव्हता.

मामा चौफुल्याला उभे होते. पांढराशुभ्र ड्रेस, गळ्यात शिट्टी, काखेत गुंडाळलेले दोन झेंडे, एक हिरवा, एक लाल. जीप थांबली तसे ते चढले आणि थेट मागच्या फळीला खेटून, तोंड मागे करून बसले. जन्म मालगाडीच्या शेपटीला गेल्यामुळे त्यांनी जग नेहमी मागे पडतानाच पाहिलेलं. पुढून येणारं जग त्यांना सोसत नसे.

ड्रायव्हरनं गिअर टाकला. मामा गरजले, “हिरवी दाखवल्याबिगर गाडी हलवायची न्हाई.”

“मामा, ही जीप हाय.”

“चाकं हायती ना? मग गाडी.”

मामांनी बाहेर वाकून हिरवा झेंडा हलवला, शिट्टी मारली, आणि चौफुल्यावरच्या चहावाल्यांच्या डोळ्यांदेखत आमची जीप सुटली. ड्रायव्हर पुढं दर थांब्याला हिरव्याची वाट बघायला लागला. माणसाला कुणी हुकूम देणारं असलं की त्याला बरंच वाटतं.

बसायची मांडणी अशी: पुढे ड्रायव्हरजवळ आबा. मागे समोरासमोर दोन बाकं. एकावर मी आणि मामा, दुसऱ्यावर आई आणि बायको. तिच्यासमोर मामा, माझ्यासमोर आई. तिच्याकडे बघायचं तर नजरेला आईच्या चेहऱ्यावरून जावं लागे, आणि तिथला नाका चोवीस तास चालू.

सुपं, मोरगाव, नीरा, लोणंद. लोणंदच्या पुढे सालप्याचा घाट लागतो. तो आम्ही पार केला. पण आबा आणि मामा दोघंही डुलकीत असल्यामुळे तो घाट कुणी धरला नाही, आणि आईनं डोळ्यांवर पदर ओढून मळमळ आवरत तो काढला. जागे आम्ही दोघंच. पण ड्रायव्हरच्या आरशात आम्ही दोघंही दिसत होतो, आणि तो रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत होता.

वाईला गणपती झाला. हळदीच्या बेण्याची पोती झाली. आबांनी एकेक गड्डा कानाशी नेऊन मोडून पाहिला. कृष्णेच्या घाटावर भाकरी सोडली. बायकोनं आबांना वाढताना खाली मान घालून हळूच काहीतरी विचारलं. आबांनी घास थांबवला, विचार केला, आणि मोठ्यांदा म्हणाले, “खरं हाय पोरी. लक्षात आणून दिलंस.” काय आणून दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी त्या वेळी गरगरण्याचा बेत मनात घोळवत होतो.

पसरणी गाव मागे पडलं, चढ सुरू झाला आणि आबांनी ड्रायव्हरच्या हातावर हात ठेवला.

“थांबीव. समदे खाली उतरा.”

“का वो आबा?” ड्रायव्हर.

“चढ हाय. मोकळी जाऊ दे.”

बैलगाडीचा हा कायदा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. चढ लागला की धडधाकट माणसानं खाली उतरायचं, बैलांवरचं ओझं कमी करायचं, आणि एकानं धोंडा घेऊन चाकामागे चालायचं; गाडी मागे सरली तर चाकाखाली द्यायला. चढावर गाडीत बसून राहणाऱ्याला पंगतीत कुणी शेजारी बसू देत नसे.

“आबा, ह्यात बैल न्हाईत,” ड्रायव्हर म्हणाला.

“मग वढतंय कोण?”

“इंजन.”

“ते दमत न्हाई?”

ड्रायव्हर प्रामाणिक होता. “दमतंय की,” तो म्हणाला, आणि तिथंच हरला.

मामांनी मागून हरकत घेतली. “पाव्हणं, सेक्शनमधी, म्हंजी दोन ठेसनांच्या मधी, पॅसेंजर उतरवता येत न्हाई. रूल न्हाई तसा.”

“तुमचा रूल रुळावर. हा रस्ता हाय.”

बराच वेळ झोंबाझोंबी झाली. शेवटी तोड निघाली: बायका आणि बेणं गाडीत राहील, पुरुष चालतील, मामा गार्ड म्हणून शेपटीला चालतील, आणि गाडी माणसाच्या चालीनं जाईल. आबांनी एक चांगला धोंडा निवडला आणि मागच्या चाकाशी चालू लागले. अधूनमधून ते जीपच्या अंगावर थाप मारायचे आणि “चल राजा” म्हणायचे.

आता माणसाच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये, वैशाखाच्या उन्हात जीप चढवली की काय होतं? अर्ध्या घाटात बॉनेटमधून वाफ उसळली. ड्रायव्हरनं कडेला घेऊन बंद केली.

“बघा,” आबा समाधानानं म्हणाले, “मोकळी असून दमली. समदे बसला असता तर मेली असती.” आणि त्यांनी धोंडा चाकाखाली सारला.

ड्रायव्हर डबा घेऊन पाण्याच्या शोधात गेला. आबा त्याच्यासोबत, कारण दमलेल्या जनावराला कसलं पाणी द्यायचं हे ड्रायव्हरवर सोडायला ते तयार नव्हते. इकडे मामांचा चेहरा मात्र उजळला. साऱ्या नोकरीत त्यांनी ज्या प्रसंगाची तयारी केली होती तो असा सुट्टीच्या दिवशी चालून आला होता.

“गाडी सेक्शनमधी फेल,” ते म्हणाले. “आता पुढं येक माणूस, मागं येक माणूस, लाल झेंडा घेऊन. खरं म्हंजी येणाऱ्या गाडीला इशारा म्हणून रुळावर फटाके बी ठेवायचे असत्यात, पण रजेवर फटाके मिळत न्हाईत. वरनं येणारी गाडी जास्त वाईट, तर पुढं मी लाल रुमाल घेऊन जातो. मागं जावईबापू. झेंडा येतो का?”

“झेंड्यात काय यायचं? धरायचा,” मी म्हणालो.

“असं म्हणणारे लई मेले.” मामांनी भाचीकडे पाहिलं. “पोरीला येतो. क्वार्टरात दुसरं खेळणं नव्हतं. ही जाईल तुमच्यासंगं. माझी शिट्टी ऐकू येईस्तवर झेंडा खाली घ्यायचा न्हाई.”

आई जीपमधून म्हणाली, “नवी नवरी रस्त्यात झेंडा घेऊन उभी ऱ्हाणार? आन् दोघंच?”

“विहीणबाई, रूल हाय.”

“मग म्या बी येते.”

तेवढ्यात कठड्यावर माकडं आली. त्यांतलं एक हळदीच्या पोत्याकडे अशा नजरेनं बघू लागलं की जणू त्यालाही विहिरीखालचं रान होतं. आईनं पोत्यांवर बैठक मारली, काठी हातात घेतली, आणि आम्ही दोघं लाल झेंडा घेऊन खाली चालू लागलो. वळण आलं. जीप दिसेनाशी झाली.

हेच ते वळण होतं. दोस्त खोटं बोलला नव्हता. खाली वाई, एखाद्यानं ओंजळीतून सांडावी तशी नदीच्या दोन्ही बाजूंना. मधून कृष्णा, उन्हाळ्यानं बारीक झालेली. काठाकाठानं उसाचे हिरवे तुकडे, आणि पलीकडे डोंगरामागे डोंगर, शेवटचे नुसते धुरासारखे. आमच्याकडे नजर टाकली तर ती दुसऱ्याच्या बांधाला जाऊन अडते. इथं अडायला काही नव्हतं. मला भीती वाटली.

इतके दिवस जमवलेलं बोलणं सगळं खाली घरंगळून गेलं. “झेंडा जड हाय का?” मी विचारलं.

“झेंडा हाय,” ती म्हणाली. “नांगर न्हाई.”

मग ती हसली. तिचं हसणंही मी पहिल्यांदाच ऐकलं. कठड्याला टेकून म्हणाली, “हळद बरी काढलीत तुम्ही. आबा फसले. पण गरगरल्याचं सोंग मला जमलं नसतं.”

“तुला कुणी सांगितलं?”

“गोठ्यात म्हशीला सांगत व्हता. मी शेणाला आले व्हते.”

मग ती झेंड्याची काठी नीट धरत म्हणाली, “आईनी एका मिनिटात मागं येऊन धरलं असतं आपल्याला. म्हणून दौंडला गेले तवा मामाला म्हणलं, घाटात गाडी बंद पडली तर मागं माणूस लावत्यात का वो? झालं. मामानं रजा काढली.”

“आन् गाडी बंद पडली नसती तर?”

“आबांना जेवताना विचारलं ना मी. चढाला गाडीला वझं व्हत असंल न्हाई, म्हणून.”

मी कठड्यावर बसलो. आमच्या घरात इतकी मोठी कारस्थानी व्यक्ती फाल्गुनापासून भाकऱ्या भाजत होती आणि मला ते ठाऊक नव्हतं. “अजून काय काय केलंस?”

“माकडं मी बोलावली न्हाईत,” ती म्हणाली.

इतक्यात खालून एस.टी. आली. बायको पदर खोचून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि झेंडा आडवा धरला. एस.टी. फुसकारत थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

“काय झालं बाई? दरड?”

“सेक्शन क्लिअर न्हाई.”

हे वाक्य तिनं असं टाकलं की तो ड्रायव्हर पुढे काही न विचारता इंजिन बंद करून बसला. कंडक्टर उतरला. पाठोपाठ पॅसेंजर. मागे एक ट्रक लागला, त्याचा सरदारजी “क्या हुआ बहनजी?” विचारून उत्तराआधीच सावलीत जाऊन आडवा झाला. एका म्हातारीनं बायकोला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“चुडा हिरवा आन् झेंडा लाल,” ती म्हणाली. “आम्ही नक्की काय समजायचं?”

“तुमच्यासाठी लाल, आजी.”

“आन् ह्याच्यासाठी?” माझ्याकडे बोट. सगळे हसले. माझे कान झेंड्याच्या रंगाचे झाले.

पण लोक पांगले कठड्याकडे. रोज ये-जा करणारे ते; त्यांनीही त्या दिवशी दरी प्रथमच थांबून पाहिली असावी. कुणी शिदोरी सोडली. आणि त्या गर्दीच्या कडेला उभं राहून आम्ही दोघं बोललो. तिला कोरडी भाजी आवडत नाही. मला पोहता येतं, तिला येत नाही. क्वार्टरच्या खिडकीसमोरून रोज इतक्या गाड्या जायच्या, पण त्यांतल्या एकीतूनही कुणी तिला कुठं नेलं नव्हतं. बस, एवढंच. पण एवढं मला फाल्गुनात कळलं असतं तर मी निम्म्याच भाकऱ्या खाल्ल्या असत्या.

वरून शिट्टी आली. बारीक, लांब.

“झाली,” मी म्हणालो.

“पाखरू असंल,” ती दरीकडे बघत म्हणाली.

थोड्या वेळानं पुन्हा.

“आता?”

“तेच पाखरू.”

कंडक्टरनं कान टवकारले. “बाई, शिट्टी वाजली की वर.”

“ती डबल व्हायला पाहिजे. सिंगल शिट्टीला झेंडा उतरवला तर जबाबदारी तुमची.” कंडक्टरनं हात झटकले. जबाबदारी म्हटल्यावर सरकारी माणूस जास्त विचारत नाही.

तिसऱ्यांदा शिट्टी अशी वाजली की सरदारजीसुद्धा उठून बसला. मग तिनं झेंडा गुंडाळला, म्हातारीच्या पाया पडली, आणि आम्ही वर चालू लागलो. म्हातारी मागून म्हणाली, “पाखराचा घसा बसला गं बाई.”

मामा लालबुंद झाले होते. “तीनदा मारली मी.”

“वारा उलटा व्हता, मामा,” बायको म्हणाली. मामांनी बोट ओलं करून वर धरलं आणि भाचीकडे पाहिलं.

पाचगणीला पोचेस्तवर धुकट होऊन गेलं. आईला पठारावर वारं मिळालं, पण वरून खाली काही दिसलं नाही. “घाटात दिसलं असंल ना बाई?” तिनं सुनेला विचारलं. “मला तर निस्ती माकडं दिसली.” सुनेनं पदर सावरला. आई तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग गुंडाळलेल्या झेंड्याकडे. बराच वेळ.

परतीला, उतार अर्धा झाला होता. धुकट विरून खाली ऊन पडलं होतं. मामांनी शिट्टी मारून गाडी थांबवली. “इथं उभी करायची. चाकं गार हुईस्तवर. घाटातला रूल.” आणि त्यांनी सवयीनं लाल झेंडा भाचीपुढे केला.

मधेच आईनं तो घेतला.

“पोरगी दमलीया. आणा हिकडं.”

“विहीणबाई, तुम्हाला येतो का?”

“झेंड्यात काय यायचं? धरायचा.” आई जीपमधून उतरली, लुगडं सावरलं आणि पुढे जाऊन आबांच्या बाजूला उभी राहिली. “अवो, उतरा. धोंडा घ्या.”

“कुठं?”

“मागं. रूल हाय.”

आबांनी मामांकडे पाहिलं. मामा रूलच्या बाबतीत खोटं बोलू शकत नव्हते. त्यांनी मान डोलावली. आबा धोंडा घेऊन उतरले. आई पुढे झेंडा घेऊन, आबा मागे धोंडा घेऊन, असे दोघं रस्त्यानं वर गेले आणि वळणाआड झाले. आई काहीतरी सांगत होती, हात पसरून, खालच्या वाईकडे दाखवत.

चाकं गार झाली. मामांनी शिट्टी मारली. कुणी आलं नाही. पुन्हा मारली.

“आबांना कमी ऐकू येतं का?” ड्रायव्हरनं विचारलं.

“वारा उलटा हाय,” माझी बायको म्हणाली.

मी रस्त्याकडेच्या वाळक्या गवताकडे पाहिलं. एक पातं हलत नव्हतं.